खोटू कुठंय?

१

मला पाठवलं होतं ते प्रकरण मिटवायला.

"अपघात आहे," साहेब म्हणाले. "पाच वर्षांची पोर, खेळता खेळता आजोबांच्या पोटात खंजीर खुपसला. म्हातारा शुद्धीवर नाही, वाचेलसं वाटत नाही. तुम्ही स्वतः आई आहात. घरच्यांशी नीट बोला, चार ओळींचा जबाब घ्या आणि या."

बाळंतपणाची रजा संपवून मी नुकतीच कामावर आले होते. घरी माझं रांगतं बाळ सासूबाईंना दमवत असणार. चार ओळींचा जबाब म्हणजे दुपारपर्यंत घर. खरं सांगायचं तर मलाही प्रकरण मिटायलाच हवं होतं.

स्टुडिओच्या मागच्या अंगाला ती शेड होती. सिनेमांसाठी शस्त्रं तिथं बनायची. दार ढकललं आणि पाय जागीच थांबले. भिंतभर तलवारी, कुऱ्हाडी, भाले, बंदुका. सगळ्यांची टोकं आपल्याकडेच वळलेली वाटत होती. बरोबरच्या हवालदारमामांनी एका कुऱ्हाडीच्या पात्याला बोट लावलं. पातं लपकन वाकलं.

"रबर," मामा हसून म्हणाले. पण बोट चटकन मागे घेतलं.

फरशीवर मधोमध एक ओला, घासून काढलेला डाग होता. त्याच्या पलीकडे कामाचं लांबलचक टेबल, आणि टेबलाखाली ती. दोन्ही हातांवर बसलेली. अगदी दाबून, जसे काही हात सुटले तर पळून जातील.

तिची आई, म्हणजे जखमी म्हाताऱ्याची सून, माझ्याकडे धावत आली. म्हाताऱ्याला सगळा स्टुडिओ उस्ताद म्हणायचा. मुलगा जहाजावर, त्यामुळे घरात हे तिघंच.

"मॅडम, तिला काही विचारू नका हो. रात्रभर अशीच बसलीय. मी भरवलं तेव्हा चार घास खाल्ले. हात बाहेरच काढत नाही. रक्त मी कालच धुतलं, पण नखांतला रंगसुद्धा काढू देत नाहीये."

"कसला रंग?"

"ढालींना देते तो, रुपेरी. काल अंगणात मी ढाली रंगवत होते. हिनं दोन्ही पंजे ताटलीत थापले. पाण्यानं जात नाही तो, टर्पेंटाइन लागतं. मी फडकं आणायला वळले, तेवढ्यात ही आत पळाली. आणि मग..."

मी टेबलाखाली वाकले. "बाळा, हात दाखवतेस मला?"

तिनं मान हलवली.

"का गं?"

ती इतकं हळू बोलली की मला गुडघ्यांवर यावं लागलं.

"माझे हात वाईट आहेत."

घरचं बाळ रडल्यावर येतो तसा माझ्या छातीत पान्हा दाटून आला. पाच वर्षांचं लेकरू असं स्वतःहून म्हणत नाही. कुणीतरी सांगितल्याशिवाय म्हणत नाही.

"झोपेत एकच बडबडत होती," आई म्हणाली. "खोटू कुठंय, खोटू कुठंय."

"खोटू कोण? मैत्रीण?"

आईनं दाराशेजारच्या भिंतीकडे पाहिलं. इतर सगळ्या खुंट्या उंचावर होत्या. एकच अगदी खाली, लहान मुलाचा हात पोचेल अशी. ती रिकामी होती.

"खोटू म्हणजे खंजीर, मॅडम. तिचा खंजीर."

२

खंजीर दोन होते.

हे मला सांगितलं रबरवाल्यानं. तो उस्तादांच्या हाताखाली साचे ओतायचा. डोळे सुजलेले, बोटं सतत एकमेकांत गुंतलेली.

"तो सिनेमा तुम्ही पाहिलाच असेल, मॅडम. शेवटी हिरो समोरून येणारा खंजीर उघड्या हातानं धरतो, रक्त ठिबकतं, आणि तो हू की चू करत नाही."

कुणी पाहिला नव्हता? लहानपणी आम्ही सगळी भावंडं पट्ट्या घेऊन तोच खेळ खेळायचो. शेजारच्या दालनात आज 'प्रेक्षकांची लाडकी शस्त्रं' हे प्रदर्शन उघडायचं होतं. लोकांकडून कौल मागवला होता आणि सगळ्यांत वर तोच खंजीर आला होता. उद्घाटन अर्थातच पुढे ढकललं होतं.

"त्याच्यासाठी उस्तादांनी दोन केले. एक पोलादी, जवळून दाखवायचा. दुसऱ्याचं पातं दाबलं की मुठीत शिरतं. मुठी एकाच साच्यातल्या, काळ्या कुळकुळीत. शेजारी ठेवले तर आम्हालाही ओळखू येत नाहीत. पोरगी त्यांना खरू आणि खोटू म्हणते. खोटू तिचा. रोज दुपारी येणार, खोटूनं आजोबांना मारणार, आजोबा मरणार. काय मरायचे, मॅडम! टेबलाला धरून, खुर्ची पाडून, जीभ बाहेर काढून. मग ही गुदगुल्या करणार, की जिवंत."

"मग काल चुकलं कुठे?"

त्याचा चेहरा कसनुसा झाला. "काल सकाळी प्रदर्शनाच्या पेटीत खरू मी ठेवला. म्हणजे मला तसं वाटलं. पण पेटीत आता खोटू आहे. याचा अर्थ अदलाबदल माझ्याच हातून झाली. खरू मी पोरीच्या खुंटीला अडकवला. मॅडम, तिला नका धरू. मला धरा."

"ठेवताना पातं दाबून पाहिलं होतंत?"

"पाहिलं होतं. म्हणजे... नेहमी पाहतो. काल पाहिलंच असेल ना? आता काहीच आठवत नाही." त्यानं तोंड झाकलं.

सून मागे उभी होती. ती एकदम म्हणाली, "पण मामंजी तळहातावर टोचून पाहतात की."

"काय?"

"कुणाच्याही हाती शस्त्र देण्याआधी, ते स्वतःच्या तळहातावर टोक दाबतात आणि म्हणतात, 'चावत नाही. घे.' रबराचा भाला असला तरी. हिच्याशी खेळतानाही तेच. ही खोटू आणून देणार, ते टोक दाबणार, 'चावत नाही' म्हणणार, मगच खेळ सुरू. एकदाही चुकले नाहीत."

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट मानेवर काटा आला. टोक दाबलं असतं तर खरू चावला असता. आणि चावलेला खंजीर उस्तादांनी नातीच्या हातात दिला नसता.

मग खेळ सुरू झालाच कसा?

आम्ही प्रदर्शनाच्या दालनात गेलो. काचेच्या पेट्यांत सिनेमांतली शस्त्रं मंद उजेडात पडली होती. मधल्या पेटीत लाल मखमलीवर खोटू. मुठीवर वेलबुट्टी कोरलेली, तिच्या खोबणींत रुपेरी चमक.

"हात नको," व्यवस्थापक लगबगीनं आला. "पेटी काल संध्याकाळी मीच कुलूपबंद केली. आत खंजीर दिसला म्हणून केली, त्यात खरं कुठलं नि खोटं कुठलं मला काय ठाऊक! मी कागद हलवणारा माणूस. उस्ताद काल सकाळी माझ्यावर तडकले तेही कागदावरूनच."

"कुठल्या कागदावरून?"

"या पाटीवरून. त्यांना मजकूर बदलून हवा होता. 'खरं लिही' म्हणे. काय खरं, विचारलं, तर म्हणाले, 'उद्घाटनाला सगळ्यांसमोर सांगतो.' शेजारी साक्षात हिरो उभे! मला इतकं ओशाळल्यासारखं झालं."

मी पाटी वाचली. 'याच खंजिराचं पातं आपल्या लाडक्या नायकानं उघड्या हातात झेललं.'

"झेललं होतं खरं," माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं. मी दचकून वळले.

३

पडद्यावर तो उंच वाटायचा. प्रत्यक्षात माझ्याएवढाच होता. केस पांढरे, आवाज मात्र तोच, मधात बुडवलेला. डाव्या हातात तपकिरी हातमोजा. त्या दृश्यानंतर त्यानं तो हात कधीच उघडा ठेवला नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. समारंभांत लोक त्या हातमोज्याला हात लावून नमस्कार करायचे.

"काळा असतो ना नेहमी?" मामांना राहवलं नाही. भक्तच ते.

"काळा भिजला," तो गोड हसला. मग मला बाजूला घेऊन आवाज खाली आणला. "मॅडम, मी आतापर्यंत कुणाला पुरतं सांगितलेलं नाही. पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे. पण तुमच्यापाशी लपवून कसं चालेल?"

"काय पाहिलंत?"

"ती त्याच्या शेजारी बसली होती. दोन्ही हातांनी मूठ गच्च धरलेली. हसत होती हो! एकेक बोट सोडवलं मी. मग आरडाओरडा केला." त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. "जबाबात तिचं नाव घालू नका. अपघात, एवढंच लिहा. मी जन्मभर तोंड उघडणार नाही."

किती भला माणूस, असं कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं. तेवढ्यात त्यानं पुढचं वाक्य टाकलं.

"मी तिच्या आईला म्हटलंय, चार दिवस पोरीला माझ्या बंगल्यावर पाठव. बाग आहे, झोपाळा आहे. विसरेल सगळं."

दारात मुलगी आईच्या पदराआड उभी होती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. टक लावून हातमोज्याकडे बघत होती. आणि तिचे हात मागे, एकमेकांना घट्ट धरून.

"पोरीला कुठेही पाठवू नका," मी तिच्या आईला हळूच म्हटलं. कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

४

दवाखान्यात उस्ताद नळ्यांच्या जाळ्यात पडले होते. छाती हलते आहे की नाही, हे बघायला दर वेळी श्वास रोखून थांबावं लागत होतं.

"यांचे तळहात बघायचेत," मी नर्सला म्हटलं.

तिनं चादर सारली. उजवा तळहात स्वच्छ, टोचल्याची खूण नाही. मग तिनं डावा उलटा केला.

"हा बघा. यावर नवं काही नाही. पण हे जुनं कशाचं असेल हो?"

डाव्या तळहातावर आडवा व्रण होता. दोरखंडासारखा जाड, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पातं मुठीत आवळून धरलं तरच असा व्रण पडतो.

पाटीवर काय खरं लिहायचं होतं, ते त्या पंज्यावर लिहिलेलं होतं. पडद्यावर जवळून दिसलेला तो रक्ताळलेला हात हिरोचा नव्हताच.

पण हेतू मिळाला म्हणजे माणूस मिळाला असं नाही. मूठ तर पोरीनं धरली होती. प्रत्यक्ष पाहणारा एकच, आणि त्यानं ते सांगितलंही होतं. मी पोटातून काढलेला खंजीर मागवला. पारदर्शक पिशवीत खरू. पातं डागाळलेलं, मूठ काळी कुळकुळीत. वेलबुट्टीच्या खोबणीसुद्धा काळ्याच.

काहीतरी खुपत होतं. नेमकं काय, ते हाती लागत नव्हतं.

तेवढ्यात घरून फोन. सासूबाई.

"तुझे चिरंजीव एक मिनिट थाऱ्यावर बसत नाहीत. केळं कुस्करून दिलं, तर घरभर पंजे उमटवलेत. भिंतीला, उशीला, माझ्या चष्म्याला! धरायला गेले तर माझ्याही हाताला सगळा चिकटा. तू येणार कधी?"

"आई," मी म्हटलं, "परत सांगा."

"काय परत सांगा? केळं!"

ज्याला हात लावला त्यावर पंजा. आणि जो धरायला गेला त्याच्याही हाताला.

ओल्या रुपेरी रंगात दोन्ही पंजे बुडवून पोरगी आत पळाली होती. तिनं खरूची मूठ गच्च धरली असती तर त्या काळ्या खोबणी रुपेरी झाल्या असत्या. एक ठिपकासुद्धा नव्हता. रुपेरी चमक होती ती पेटीतल्या खोटूला, जो म्हणे काल सकाळपासून काचेखाली होता.

म्हणजे पोरीनं खुंटीवरून काढला तो खोटूच. ती आत आली तेव्हा तो तिच्या हातात होता. आणि कुणीतरी तो तिच्या रंगलेल्या बोटांतून ओढून घेतला आणि खरूच्या रिकाम्या जागी पेटीत ठेवला.

मी शेडमध्ये फोन लावला. रबरवाल्यानं उचलला.

"पोरगी कुठे आहे?"

"आहे की. तिची आई जरा चहा टाकायला गेली, तर साहेब तिला दालनात घेऊन गेलेत. म्हणाले, जरा मन रमेल तिचं. दार लावून घेतलंय, म्हणजे कुणी त्रास द्यायला नको."

"कोण साहेब?"

"आपले हिरो."

५

तो रस्ता कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मामा गाडी हाकत होते आणि मी मनातल्या मनात त्या पोरीला एकच सांगत होते, गप्प राहा, राणी, काही आठवलं तरी गप्प राहा.

दालनाचं मोठं दार आतून बंद होतं. मामांना हिरोच्या मेकअपच्या खोलीकडे पिटाळून मी बाजूच्या लहान दारानं शिरले. मखमली पडद्याआडून आवाज येत होता. मधात बुडवलेला.

"...आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

मी पडदा किंचित सारला.

"आजोबांना कुणी मारलं?"

"मी."

"शहाणी गं बाई माझी. परत सांग."

तो तिच्यापुढे उकिडवा बसला होता. हातमोजा तिच्या मानेमागे, अगदी मायेनं ठेवल्यासारखा. चहूबाजूंनी काचेआड तलवारी नि सुरे. मला ओरडावंसं वाटलं. त्या हाताकडे बघून मी आवाज साधा ठेवला.

"इथे आहेस होय? ये माझ्याकडे. आईनं बोलावलंय."

ती हलली नाही. हात अजून पाठीमागे. त्याचाही हात हलला नाही.

"आम्ही गप्पा मारतोय, मॅडम."

"मारा की. मलाही एक सांगायचंय," मी एकेक पाऊल पुढे टाकत म्हटलं. "तुम्ही म्हणालात, हिनं दोन्ही हातांनी मूठ धरली होती. हिचे हात तेव्हा ओल्या रंगानं भरलेले होते. मूठ कोरडी, काळी आहे. हिनं खरूला शिवलंसुद्धा नाही."

"लहान मुलं. रंग पुसला असेल कुठेतरी."

"पुसून जात नाही तो. आणि खेळात आजोबा आधी टोक तळहातावर दाबतात; त्यांच्या तळहातावर टोचल्याची खूणच नाही. इथला झाडूवालासुद्धा हे जाणतो. तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण तुम्ही उस्तादांच्या हातून शस्त्र कधी घेतलंच नाही. सिनेमातही नाही. जवळून दाखवलेला हात त्यांचा होता."

"त्या हाताला लोक नमस्कार करतात, बाई."

"हातमोजा काढा."

"नाही."

"मग काळा कुठे आहे ते सांगा."

तेव्हा ती बोलली. काल दुपारपासून गिळून ठेवलेलं सगळं एका दमात.

"काळा चमचम झाला! मी आले तर आजोबा माझ्याशिवायच मेले होते. मी म्हटलं, चीटिंग! अजून खोटू माझ्याकडेच आहे, तुम्ही कसे मेलात? मी गुदगुल्या केल्या, तर ते उठेनात. मग हे काका दाराच्या मागून आले आणि माझा खोटू ओढून घेतला आणि म्हणाले, बघ तुझ्या वाईट हातांनी काय केलं. पण मी तर अजून खेळलेच नव्हते!"

ती मान झटकून सुटली आणि माझ्या पायांना येऊन धडकली. मी तिला उचललं ते इतकं घट्ट की आम्हा दोघींनाही श्वास घेता येईना.

मोठ्या दारावर धडका बसल्या. मी एका हातानं कडी काढली. मामा आत आले. त्यांच्या चिमटीत काळा हातमोजा होता, बेसिनखालच्या बादलीत भिजवलेला, आणि त्याच्या बोटांवर पाण्यानं न गेलेला रुपेरी रंग.

मामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणापासूनचा देव होता तो त्यांचा. मग स्वतःच पुढे होऊन त्यांनी तपकिरी हातमोजा उतरवला.

तळहात नितळ होता. बाळाचा असावा तसा.

"इतकी वर्षं तो गप्प होता," हिरो म्हणाला. आवाजातला मध आटला होता. "मी म्हटलं, आता कशाला बोलतोस? तर म्हणतो, नात विचारते, आजोबा, हा व्रण कशाचा? तिच्याशी खोटं बोलवत नाही." त्यानं पेटीकडे बोट केलं. "झाकण उघडंच होतं. खंजीर समोरच पडला होता."

६

उस्ताद वाचले. डॉक्टर म्हणाले, म्हातारा चिवट आहे. रबरवाला म्हणाला, रोज मरायचा सराव होता ना.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा नातीला आणायला सांगितलं. मी जबाब घ्यायला तिथेच होते. ती खाटेपासून हातभर लांब थांबली. नखांतला रंग आईनं काढला होता. पण हात अजून फ्रॉकच्या खिशात कोंबलेले. गुन्हेगार कोण ते तिला कळलं होतं. तेवढ्यानं हातांवरचा शिक्का जात नाही.

"आण इकडे," उस्ताद पुटपुटले.

"खोटू पोलिसांकडे आहे," ती म्हणाली.

"खोटू नाही. हात."

मग एक हात हळूच खिशाबाहेर आला. उस्तादांनी तो धरला, आपला व्रणाचा तळहात वर केला आणि तिचं एकेक बोट त्यावर दाबून पाहिलं. अगदी गंभीरपणे, भाल्याचं टोक तपासावं तसं. करंगळी झाली, अंगठा झाला. मग दुसरा हात.

आम्ही सगळे वाट बघत होतो.

"चावत नाही," उस्ताद म्हणाले. "घे."

आणि तिचे दोन्ही हात त्यांनी तिला परत दिले.